उपवासाला चालणारं औषध

कौतिकबाई भंगाळेंच्या पोटात सुनेची किडनी होती. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस सावद्यात शोधायचा म्हटला, तर पाळण्यातलाच शोधावा लागला असता.

ऑपरेशनच्या आधी नात्यागोत्यात जी चाचपणी झाली, ती पाहण्यासारखी होती. मुलगा लोकेश स्वतःच साखरेच्या आजाराचा, म्हणून तो पहिल्याच फेरीत बाद. मुलगी नाशिकला. तिच्या नवऱ्याला एकाएकी बायकोच्या तब्येतीची इतकी काळजी वाटू लागली, की लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि 'हिला जमणार नाही' असं लिहूनच घेऊन आला. धाकटे दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर हक्कानं सांगा." काय लागतंय ते सांगितल्यावर त्यांच्याकडची रेंज गेली. उरली सून. हर्षाली आणि तिची सासू यांचं इतक्या वर्षांत वांग्याच्या भाजीत कूट किती घालायचं यावरही एकमत झालं नव्हतं. पण रक्त जुळलं. माणसांचं जुळत नाही तिथं रक्ताचं जुळतं. ही निसर्गाची थट्टा म्हणायची.

दिलेली वस्तू देणारा एक वेळ विसरतो, घेणारा विसरू शकत नाही. कौतिकबाईंचे टोमणे त्या दिवसापासून बंद झाले. आधी त्या सुनेच्या भाकरीचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा आहे म्हणायच्या. आता जळकी भाकरीही मुकाट्यानं खायच्या. हर्षालीला त्या टोमण्यांचा जेवढा त्रास झाला नव्हता, तेवढा या मुकेपणाचा होऊ लागला. घरात जणू कोणी पाहुणी येऊन राहिली होती.

आता औषधाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

दुसऱ्याचा अवयव शरीराला कधीच पटत नाही. रक्तातले पहारेकरी त्याला चोर समजून मारायला धावतात. म्हणून त्या पहारेकऱ्यांना जन्मभर अर्धवट गुंगीत ठेवावं लागतं. गुंगी जास्त झाली तर साधा खोकला जिवावर बेततो, कमी झाली तर किडनी जाते. पूर्वी यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून गोळ्या घ्याव्या लागत. मग स्टार्चच्या नॅनोकणांचं औषध आलं आणि पंधरवड्यातून एकदाच घ्यायची सोय झाली.

पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागू लागतो. पोळीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या लाळेतलं विकर तोडतं आणि त्यांची साखर होते. तसंच विकर आतड्यातही असतं. आता या साखळ्या शिजवून गार केल्या की एकमेकींत गुंतून घट्ट बसतात. शिळी भाकरी कडक होते ती याचमुळे. गुंतता गुंतताच त्यांच्यात औषध सोडलं तर ते आत कोंडलं जातं. असे कण इतके बारीक करायचे, की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावावेत. ते आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतात, विकर त्यांना कांद्यासारखं पदर पदर सोलत राहतं आणि प्रत्येक पदराबरोबर थोडं थोडं औषध रक्तात उतरतं. असे कोट्यवधी कण एका पांढऱ्या दाण्यात भरलेले. दाण्यावर एक पातळ कवच. जठरातल्या आंबट रसात ते टिकतं, पुढे आतड्यात आंबटपणा संपला की विरघळतं आणि कण मोकळे होतात. हुशारी खरी!

पण हुशार माणसं एका ठिकाणी हुशार असली की दुसरीकडे त्याची भरपाई करतात. मुंबईतल्या जाहिरातवाल्यांनी सुचवलं, की लोक तारीख विसरतात, तिथी विसरत नाहीत. डोस एकादशीला ठेवा. सरकारी योजनेतून घरोघर औषधाच्या पेट्या बसल्या. एकादशीच्या सकाळी पेटी आपोआप उघडायची, डोस वाटीत टाकायची आणि दुपारी बंद व्हायची, म्हणजे कोणी विसरून दोनदा घ्यायला नको. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुद्ध मक्याच्या स्टार्चपासून.' एकादशीला मका! हे ठरवणाऱ्याच्या घरी एकादशीलाही पावभाजीच होत असावी.

"मका धान्य हाये," कौतिकबाई म्हणाल्या. "मी नाई घेणार."

"आई, चिमूटभर आहे. आणि आधी रोज गोळ्या घेत होता, त्यांतही मकाच होता. सगळ्या गोळ्यांत असतो."

"ते मले ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तोवर पाप नव्हतं. तू आता सांगितलं."

राज्यभर निम्म्या म्हाताऱ्यांनी हेच केलं आणि एकादशी वगळून जुन्या रोजच्या गोळ्याच चालू ठेवल्या. तेव्हा कंपनीला उपवासाला चालणारं स्टार्च शोधावं लागलं आणि शोध सावद्यापाशी येऊन थांबला. इथे बाजारात न चालणाऱ्या कच्च्या केळींचे ढीग लागत, त्यांचं स्टार्च करायचा कारखाना होता. कच्च्या केळीचं स्टार्च मुळातच हट्टी, सहजासहजी पचत नाही. या कामाला याहून चांगलं काय? कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती हर्षाली. केळीचे दाणे तिनेच बनवले, तिनेच तपासले, आणि पाकिटावरचा मराठी मजकूरही तिनेच लिहिला.

पहिला डोस तिने हौसेनं सासूच्या हातावर ठेवला होता. "घ्या. आपल्याच मातीतली केळी. साबुदाण्यासारखंच आहे, दुसरं काही नाही."

कौतिकबाईंनी दाणे उन्हात धरून पाहिले. "दिसते तर साबुदाणाच," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर पूर्वीसारखं काहीतरी आलं. "तुह्या खिचडीसारखा गिच्च नाई झाला म्हंजे मिळवली."

हर्षाली त्या दिवशी कारखान्यात गुणगुणत गेली. टोमणा परत आला होता.

त्यानंतर रक्ताचे रिपोर्ट बिघडू लागले.

आधी थोडे, मग जास्त. रक्तात औषध जवळजवळ सापडेचना. हर्षालीनं आपल्या दाण्यांचा तोच घाणा पुन्हा तपासला. काचेच्या नळीत कण कसे शहाण्यासारखे वागत होते. आता नळीत शहाणे आणि पोटात वेडे असं काही कणांचं नसतं. कण घेतलेच नाहीत तर मात्र असं होतं. एकादशीला कारखान्यात सकाळची पाळी तिचीच असायची. सासू डोस घेते की नाही हे तिनं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, औषध घेताय ना?"

"घेते ना."

"पुढच्या वेळी माझ्यासमोर घ्या."

"मी काय लेकरू हाये? तोंड उघडून दाखवू का?"

हर्षालीनं कचऱ्याचा डबा उपसला. लोकेश दारात उभा राहून बघत होता. बायको आणि आई यांच्यामध्ये उभं राहायची त्याला इतकी सवय झाली होती, की तो दारांतच जास्त सापडायचा.

"अगं, आई खोटं नाही बोलत."

"मग रक्त खोटं बोलतंय?"

"मला तुमच्यातलं काही कळत नाही."

"तुला नाही कळायचं. तुझं काही गेलेलं नाही."

पुढचा रिपोर्ट आला तेव्हा ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. जे कधी बोलायचं नाही असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "नको असेल तर परत द्या माझी किडनी!"

कौतिकबाई गवार मोडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "काढून देता येत असती, तर तवाच दिली असती," त्या म्हणाल्या.

त्या रागात हर्षालीनं योजनेच्या ॲपवर, घरच्यांनी भरायच्या यादीत, एका ओळीपुढे खूण केली. 'रुग्ण जाणूनबुजून औषध टाळत असावा.' रागात केलेल्या खुणेलाही यंत्र तितकंच मानतं.

ती खूण काय करते, हे जळगावला डॉक्टर नारखेड्यांनी पडदा तिच्याकडे वळवला तेव्हा कळलं. किडनीला सूज होती, पहारेकरी आत शिरले होते. त्यांना मागे रेटणारं एक इंजेक्शन होतं, पण त्याचं कुलूप योजनेच्या परवानगीशिवाय उघडत नव्हतं. पडद्यावर लिहिलं होतं: हेतुपुरस्सर औषध टाळणाऱ्या रुग्णास बचाव-उपचार नाही. एवढंच नाही, दुसऱ्या किडनीच्या रांगेतूनही नाव बाद.

"ही नोंद कोणी केली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

डॉक्टर मृदू माणूस. अशा वेळी मृदू माणसं बोलत नाहीत, चष्मा पुसतात. ते पुसून झाल्यावर म्हणाले, "ती काढायची तर कारण द्यावं लागेल. उद्या दुपारी समिती बसतेय, तिच्याशी बोला. आईंना सकाळीच घेऊन या. आता दिवस मोजायची वेळ गेली, ताई. ही किडनी तासांवर आहे."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. कारखान्यात रजा टाकून हर्षाली सकाळी सासूच्या खोलीत कपडे भरायला गेली. पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर दोन वाट्या झाकून ठेवलेल्या. एकीत साबुदाणा भिजलेला. दुसरीवरचं झाकण तिनं सहज उचललं.

"आई, हे काय आहे?"

"तुह्यं औषध."

"हे भिजवलंय?"

"मंग! कच्चा साबुदाणा पोटात गेला तर गोळा होऊन बसते." कौतिकबाई समजावून सांगू लागल्या. स्वयंपाकाच्या बाबतीत सुनेला काही येत नाही हे त्यांचं मत जुनंच होतं. "पेटी उघडली की लगेच काढते. दोन पाणी धुते, पांढरं पाणी निघून जाते. मंग बुडेल इतक्या पाण्यात ठेवते. फराळापर्यंत दाणे कसे टरटरून फुगते, मोत्यासारखे. अन् मंग पाणी काढून टाकून खाते."

"ते पांढरं पाणी कुठं टाकता?"

"कुठं टाकीन? मोरीत."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तूच तर सांगितलं, साबुदाण्यासारखं हाये म्हून."

हर्षालीनं वाटीतला एक दाणा बोटांत दाबला. तो नुसता चिकट, रिकामा. घरचं पाणी बोअरचं, खारं. आंबटपणाचा त्यात लवलेशही नाही. बिचाऱ्या कवचाला काय कळणार? आंबट नाही म्हणजे आपण आतड्यात पोचलो असं समजून ते वाटीतच विरघळलं, आणि आतले कोट्यवधी कण दुधासारख्या पाण्यातून इमानेइतबारे मोरीत जाऊन पडले. कंपनीनं पाण्यातली चाचणी केली होती. पण ती घोटभर पाण्याबरोबर गिळायची. उपवासाचा पदार्थ धुऊन, भिजवून, फुगवून खातात हे प्रयोगशाळेतल्या कोणाच्या मनात आलं नाही. जिच्या मनात यायला हवं होतं, ती आपल्याच हातानं 'साबुदाण्यासारखे दाणे' असं पाकिटावर छापून बसली होती. साबुदाणा भिजवायचं काम तिनं या घरात कधी केलंच नव्हतं. ते सासूचं होतं.

ती ओट्याला टेकून खाली बसली.

"काहून वं? चुकलं का माह्यं काही?"

"नाही आई," हर्षाली म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. चला, गाडी आलीय."

समिती दवाखान्यातल्या पडद्यावर भेटली. अध्यक्ष म्हणून एक थकलेले गृहस्थ, एक सरकारी डॉक्टरीणबाई, आणि कंपनीचे सप्रे नावाचे साहेब. हर्षालीनं वाटीची हकिगत सांगितली तेव्हा सप्रे हसले. वाईट नव्हते हसले. असं हसणं त्यांच्या नोकरीतच बसत असावं.

"मॅडम, किती साधी गोष्ट आहे. 'रुग्णाचा गैरसमज' असं लिहू आपण."

"मग इंजेक्शन मिळेल?"

डॉक्टरीणबाईंनी नियम चाळला. "गैरसमज रुग्णाचा असेल तर जबाबदारी रुग्णाची. मग नाही मिळणार. सूचना चुकीची असेल तर मिळेल."

"मग सूचना चुकीची होती. मी लिहिली होती."

"विचार करा, मॅडम," सप्रे आता हसत नव्हते. "तुम्ही हे म्हणालात, की सगळा माल आजच्या आज परत मागवावा लागेल. आणि प्रयोगशाळेत तुम्ही राहणार नाही, हे मी सांगायला नको."

"परत मागवायलाच पाहिजे, साहेब. आज एकादशी आहे. आत्ता या घटकेला किती ओट्यांवर वाट्या झाकून ठेवल्या असतील, याचा तुम्ही विचार करा." तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "आणि 'टाळते' ही खूणही माझीच. माझ्या सासूनं एकही डोस चुकवला नाही. जे मी सांगितलं ते तिनं नीट केलं. माझ्यापेक्षा नीट केलं. कृपा करून परवानगी द्या. हवं ते माझ्या नावावर लिहा."

अध्यक्षांनी लिहिलं. एरवी महिनाभर न हलणारी परवानगी क्षणात आली. माणूस स्वतःहून मान पुढे करतो तेव्हा सरकारी कामाला असा वेग येतो.

इंजेक्शन शिरेतून चढवलं. त्याच्या जोडीला नर्सनं तीन गोळ्या आणून ठेवल्या. इंजेक्शन पहारेकऱ्यांना मागे रेटणार होतं, गोळ्या त्यांना पुन्हा येऊ देणार नव्हत्या. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता.

कौतिकबाईंनी गोळ्यांकडे पाहिलं. "यात मका हाये?"

हर्षालीला खोटं बोलायचं होतं. पण मका सगळ्या गोळ्यांत असतो हे शिकवणारी तीच. "आहे."

"मंग उद्या घेईन. द्वादशीले."

"उद्या किडनी नसेल, आई!"

"नसू दे."

"अहो, कसला हा हट्ट! मरायचंय का तुम्हाला?"

"वरडू नको. लोक पायतात." कौतिकबाईंनी पदर नीट केला. नर्स जाईपर्यंत थांबल्या. मग छताकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "तू पोट चिरून घेतलं ना, त्या दिवशी मी देवाले बोलले. म्हटलं, पोरीचं एक कमी झालं. राह्यलेल्या एकावर तिचं सगळं आयुष्य निभू दे. मी मरेपर्यंत एकादशीले धान्याचा कण तोंडात घालणार नाई. तो उपास माह्यासाठी नाई, तुह्यासाठी हाये. मोडला अन् तुले काही झालं तर?"

हर्षालीनं गोळ्यांची वाटी हातात घेतली.

"माह्याजवळ दुसरं काय होतं वं, तुले द्यायले?"

असल्या सवालाला प्रयोगशाळेत उत्तर मिळत नाही. 'नवसानं काही होत नाही' असं ती म्हणू शकली असती. पण मग म्हातारीनं इतके दिवस मुकाट्यानं जे दिलं, ते सगळं शून्य आहे, असंच म्हटल्यासारखं झालं असतं. ती कॉटच्या कडेला बसली.

"आई, किडनी कोणाची?"

"तुह्यी."

"नक्की?"

"तूच तर परत मागत होती."

"मग ऐका. माझ्या किडनीनं जन्मात एक एकादशी धरलेली नाही. कॉलेजात एकादशीला मी वडापाव खायचे, रोज खायचे, आणि ती बिचारी ते सगळं निस्तरायची. उपास तुमचा आहे, तिचा नाही. तिला का उपाशी मारता? ती माझी आहे. तिला जेवू घाला."

कौतिकबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "वडापाव," त्या म्हणाल्या. "तरीच."

मग त्यांनी हात पुढे केला. हर्षालीनं एकेक गोळी तळहातावर ठेवली. प्रत्येक गोळी गिळताना कौतिकबाईंनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. शेवटची घशात अडकली, तिच्यावर पाणी ओतावं लागलं. उपास मोडला. त्यांचा चेहरा, सगळं दागिन्यांचं गाठोडं अनोळखी माणसाच्या हाती देऊन बसलेल्या बाईसारखा झाला.

"मी घरी जाऊन येते," हर्षाली उठत म्हणाली. "तुमचे कपडे सकाळच्या घाईत तिथंच राहिले. लोकेशची गाडी खाली आहे."

मनगट घट्ट धरलं गेलं. सुई टोचलेला हात, पण पकड भाकरी थापणाऱ्या बाईची होती.

"नाई. आज गाडीत बसायचं नाई. रस्ता ओलांडायचा नाई. बाहेरचं काही खायचं नाई. इथं बस माह्यासमोर."

"आई, मला काही होत नाही हो."

"ते तू म्हणते. बस."

हर्षाली स्टुलावर बसली. कारखान्यातून फोन येत होते, तिनं ते घेतले नाहीत. आता त्यांत ऐकण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर येऊन गेले. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. किडनी चालू झाली तर आधी लघवीच्या पिशवीत दिसेल.

कॉटखाली नळीला जोडलेली पारदर्शक पिशवी लोंबत होती. तळाशी थोडंसं गढूळ, सकाळपासून होतं तेवढंच. हर्षाली वाकून वाकून पिशवीकडे बघत होती. नळीत एक थेंब धरला, लांबला आणि तिथेच राहिला. तिला धुळीनं ठसका लागला.

कौतिकबाई उशीवरून अर्ध्या उठल्या. "काय झालं? छातीत दुखते का?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

त्या झोपल्या नाहीत. सुनेच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहिल्या, मनगट न सोडता. सून नळीतल्या थेंबाकडे बघत राहिली. थेंब पडत नव्हता.